नोटीस कोणासाठी लागते? सीमाभागातील कुलसचिवांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलसचिव, राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेळगाव
मा. कुलसचिव, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर
आणि सीमाभागातील सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य

विषय: विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना व कार्यक्रमांची जाहीर माहिती

महोदय,

महाविद्यालयाच्या फलकावर वर्षभरात लागणाऱ्या सूचना ढोबळमानाने दोन जातींच्या असतात. काही चुकल्या की विद्यार्थ्याचे थेट नुकसान होते: परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्ती, बसपास, वसतिगृह प्रवेश, फेरमूल्यांकन, हॉल तिकिटावरील नावाची दुरुस्ती. काही चुकल्या तर लगेच काही बिघडत नाही: व्याख्यान, वक्तृत्व स्पर्धा, रक्तदान शिबिर, राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान, युवा महोत्सवाची निवड चाचणी, स्नेहसंमेलन. पहिल्या जातीबद्दल कार्यालये थोडीफार दक्ष असतात, दुसरीबद्दल बहुधा नसतात. बेळगाव-निपाणी भागात या दोन्हींमध्ये आणखी तीन गोष्टी आड येतात: भाषा, दोन राज्यांची हद्द आणि गावाकडे जाणारी शेवटची बस.

एका साध्या नोटिशीचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. विद्यापीठाचे परीक्षेचे परिपत्रक निघते. कर्नाटकात कुलसचिव (मूल्यमापन) यांच्याकडून, महाराष्ट्रात परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडून. ते महाविद्यालयाच्या ई-मेलवर येते. लिपिक त्याची प्रत काढतो, आवक नोंदवहीत चढवतो, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवतो. प्राचार्य कोपऱ्यात शेरा मारतात, ‘नोटीस काढा’. मग महाविद्यालयाची स्वतःची चार ओळींची नोटीस टाइप होते, तिच्यावर जावक क्रमांक पडतो, शिक्का बसतो. एक प्रत काचेच्या फलकात टाचणीने लागते, दुसरी नोटीस बुकात चिकटते, आणि अटेंडर ते बुक घेऊन वर्गावर्गांतून फिरतो. तास चालू असतो. शिक्षक बोलणे थांबवून नोटीस वाचतात, समासात सही करतात, बुक पुढच्या वर्गात जाते. हे सगळे दोन दिवसांत झाले तर काम चोख झाले म्हणायचे. मधे रविवार आला, लिपिक रजेवर असला किंवा प्राचार्य विद्यापीठात बैठकीला गेलेले असले की चार दिवस सहज जातात. मूळ परिपत्रकात विलंब शुल्काशिवाय अर्ज भरायला आठ दिवस असतील तर विद्यार्थ्याच्या हाती चार उरतात, आणि कागदपत्रे जमवायची ती त्या चारांतच.

ज्या घरात आधीच कोणी पदवीपर्यंत शिकलेले आहे, तिथे ही कसर घर भरून काढते. वडील विचारतात, फॉर्म सुटले का. थोरली बहीण सांगते, दंडाची तारीख वेगळी असते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे, तिथे असे विचारणारे कोणी नसते. आई बिड्या वळते, वडील तंबाखूच्या किंवा उसाच्या रानात असतात. अशा मुलीला संस्थेकडून जे कळते ते त्या कागदावरूनच. तो कागद तिला उशिरा मिळाला किंवा नीट वाचता आला नाही, तर तिची चूक नसताना तिचे सत्र वाया जाऊ शकते. म्हणून नोटिशीची भाषा आणि वेळ ही लिपिकाच्या टेबलावर सोडून देण्याची बाब नाही; कुलसचिवांनी जातीने पाहावी अशी आहे.

या भागातली महाविद्यालये वेगवेगळ्या विद्यापीठांच्या छत्राखाली फिरली आहेत. १९३३ चे लिंगराज महाविद्यालय आणि १९४५ चे राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरुवातीला मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि बेळगावचा कागद धारवाडला जाऊ लागला. १९८२ मध्ये त्याच विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र बेळगावला आले, आणि २०१० मध्ये त्यातून राणी चन्नम्मा विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठाचा भूतरामनहट्टीचा परिसर बेळगाव शहराबाहेर पुणे-बंगळूर महामार्गालगत आहे. विद्यापीठ जवळ आले ही मोठीच सोय झाली. तरी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा निपाणीच्या पलीकडच्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला एका शिक्क्यासाठी तिथे जायचे तर दोन बस बदलाव्या लागतात आणि सगळा दिवस जातो. कार्यालयात कोणत्या वेळेत कोण भेटेल, एवढे नोटिशीवर लिहिले तरी एक खेप वाचते.

निपाणीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गावात केएलई संस्थेचे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय आहे आणि ते कर्नाटकात मोडते. गावाला लागूनच अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे. निपाणीकर त्याला आपलेच कॉलेज मानतात, पण हद्दीने ते कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे. एकाच गल्लीतली दोन भावंडे एक इकडे, एक तिकडे शिकत असली तर त्यांचे शैक्षणिक वर्ष, परीक्षांचे वेळापत्रक, सुट्ट्या, संकेतस्थळे सगळे वेगळे. एकाचा प्रवेश आणि परीक्षा अर्ज कर्नाटकाच्या यूयूसीएमएस प्रणालीवर, शिष्यवृत्ती एसएसपीवर. दुसऱ्याचे परीक्षेचे काम कोल्हापूरच्या पोर्टलवर, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर.

शिष्यवृत्तीच्या नोटिशीत हा घोळ सर्वांत जास्त जाणवतो. कर्नाटकात जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून निघतो आणि अर्जात त्याचा आरडी क्रमांक भरावा लागतो. महाराष्ट्रात जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’ सेवेतून मिळतो. इकडे प्रवर्गांची नावे १, २अ, २ब, ३अ, ३ब अशी, तिकडे ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसी अशी. मराठा समाज कर्नाटकाच्या यादीत ३ब मध्ये येतो. हद्द ओलांडली की वर्गवारीच बदलते. कर्नाटकात राहून अर्जुननगरला शिकणाऱ्या मुलाला कोणत्या राज्याची कोणती सवलत लागू होते आणि कोणती होत नाही, हे त्याच्या महाविद्यालयाने जूनमध्येच एका पानावर छापून द्यायला हवे. ‘पात्र विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत’ या ओळीने त्याचे काहीच भागत नाही, कारण आपण पात्र आहोत का हाच त्याचा प्रश्न असतो.

महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांतही सीमाभागासाठी वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या ८६५ गावांतील, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीच्या प्रवेशात ‘ई’ प्रकारचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. वैद्यकीय प्रवेशातही सीमाभागासाठी काही जागा असतात. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो आणि तो काढायला वेळ जातो. ही माहिती पीयूसीच्या पहिल्या वर्षालाच, म्हणजे अकरावीलाच, फलकावर लागली पाहिजे. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर ती कळून फारसा उपयोग नसतो.

पावसाळ्यातल्या सुट्टीची सूचना ही सीमाभागाची आणखी एक खास अडचण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी चढले आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी बेळगावचे जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्याला सुट्टी देतात, कोल्हापूरचे जिल्हाधिकारी आपल्या. बेळगावचा आदेश अर्जुननगरला लागू नसतो आणि कोल्हापूरचा निपाणीला नसतो. पण पूर हद्द पाहत नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावातला मुलगा हद्दीपलीकडच्या कॉलेजात शिकत असेल तर त्याच्या गावाला सुट्टी आणि कॉलेजात घटक चाचणी, असा प्रकार होतो. दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांनी पावसाळ्यापुरता एक साधा नियम करावा: पलीकडच्या जिल्ह्यात सुट्टी जाहीर झाली असेल तर तिथल्या विद्यार्थ्याची गैरहजेरी धरायची नाही आणि चाचणी पुन्हा घ्यायची. नियम मे महिन्यातच जाहीर व्हावा. पाणी चढल्यावर काढलेली नोटीस वाचायला कोणी फलकापाशी येऊ शकत नाही.

आता भाषेचा मुद्दा. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण १८ टक्क्यांच्या वर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ते याहून बरेच जास्त भरते. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन काढले, त्यात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करण्याची सोय सुचवलेली आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केलेल्या रॅगिंगविरोधी नियमांतसुद्धा प्रतिज्ञापत्र इंग्रजीबरोबर हिंदीत किंवा अर्जदाराला येणाऱ्या प्रादेशिक भाषेत असावे, असे म्हटले आहे. ज्या कागदावर विद्यार्थी सही करतो तो त्याला कळला पाहिजे, ही अपेक्षा आयोगाचीच आहे.

यात कन्नडशी स्पर्धा नाही. कन्नड ही राज्याची भाषा आहे, फलकावर ती पहिली असणे योग्यच आहे, आणि बेळगावच्या मराठी मुलांनी ती शिकावी यात त्यांचेच हित आहे. बहुतेकांना ती बोलण्यापुरती येतेही. बाजारात, बसमध्ये, मित्रांत ती सहज चालते. पण बोलता येणारे कन्नड आणि परिपत्रकातले कन्नड यांत मोठे अंतर आहे. इंग्रजी नोटिशीचेही तेच. ‘ड्युली अटेस्टेड’ आणि ‘विदाउट फेल’ अशा ठरीव शब्दांनी भरलेला कागद मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाचता येतो, पण नेमके काय करायचे ते कळत नाही. खाली चार ओळी मराठीत असल्या की त्याला कोणाला विचारावे लागत नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांचा विचारही याच ओघात व्हायला हवा.

हे करायला वेगळा खर्च नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे, बेळगावच्या अनेक महाविद्यालयांत मराठी शिकवले जाते. परीक्षा, शुल्क, शिष्यवृत्ती, सुट्टी, प्रवेश या पाचांच्या नोटिशींचे साचे वर्षानुवर्षे तेच असतात. बदलतात त्या तारखा. मराठी आणि कन्नड विभागांनी एकत्र बसून हे साचे एकदा कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत तयार केले तर लिपिकाला फक्त तारीख भरायची उरते. साचा असा असावा: सूचना कोणत्या वर्गासाठी, काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणती कागदपत्रे, किती शुल्क, कोणत्या खिडकीवर, कोणत्या वेळेत, अडचण आल्यास कोणाला भेटायचे. उदाहरणच द्यायचे तर, ‘बी.कॉम. तिसरे सत्र. परीक्षा अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत खिडकी क्र. २ वर द्यावी. सोबत मागील सत्राची गुणपत्रिका. विलंब शुल्काशिवाय शेवटचा दिवस शुक्रवार. खिडकीची वेळ सकाळी १० ते दुपारी २.’ पुढे शुल्क आणि अडचण आल्यास भेटायच्या व्यक्तीचे नाव. वार लिहिणे महत्त्वाचे आहे. तारखेपेक्षा वार लक्षात राहतो, आणि गावाकडची माणसे बाजाराच्या वारावरून दिवस मोजतात.

आज बहुतेक नोटिसा मोबाइलच्या गटावर फोटो काढून जातात. यात वेग आहे, पण दोन तोटे आहेत. फोटोत कडा कापल्या जातात आणि नेमका जावक क्रमांक किंवा तारीख गळते. मग गेल्या वर्षीची नोटीस यंदा फिरू लागते. ‘परीक्षा पुढे ढकलल्या’ असा खोटा कागद एका रात्रीत खानापूरपासून चिकोडीपर्यंत पोहोचतो. यावर उपाय जुनाच आहे: प्रत्येक नोटिशीच्या पहिल्या ओळीत क्रमांक, तारीख आणि वर्ष ठळक टाकणे, आणि मुदत संपलेला कागद त्याच दिवशी फलकावरून उतरवणे. दुसरा तोटा असा की ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो, तिथली मुलगी गटावर असून नसल्यासारखी असते. तिच्यासाठी काचेचा फलक आणि वर्गात फिरणारे नोटीस बुक टिकले पाहिजे. नोटीस वाचणाऱ्या शिक्षकांनी ती दोनदा वाचावी, आणि तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.

कार्यक्रमांच्या सूचनांकडे यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे, कारण त्यांच्याकडे कोणीच पाहत नाही. सीमाभागातल्या महाविद्यालयाचे वर्ष कार्यक्रमांनी भरलेले असते. १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांची जयंती, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ इथेच असल्याने तिला विशेष महत्त्व. २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील जयंती, २४ ला राष्ट्रीय सेवा योजना दिन. ऑक्टोबरच्या २३ ला कित्तूर उत्सव सुरू होतो, १८२४ मध्ये राणी चन्नम्मांनी इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. १ नोव्हेंबरला राज्योत्सव. त्याच दिवशी मराठी संघटना काळा दिन पाळतात, आणि तो दिवस विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंनी जड जातो. २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाबरोबर संगोळ्ळी रायण्णांची आठवण होते. १८३१ मध्ये त्याच तारखेला त्यांना नंदगडला फाशी दिली गेली. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. बेळगावची परंपरेने चालत आलेली शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते आणि दुसऱ्याच दिवशी, तृतीयेला, बसव जयंती. हद्दीच्या एका बाजूला कार्यक्रम कुवेंपूंच्या नाडगीताने सुरू होतो, दुसऱ्या बाजूला २०२३ मध्ये राज्यगीत ठरलेल्या राजा बढे यांच्या गीताने. निपाणीच्या मुलांना दोन्ही पाठ असतात.

या यादीतून वर्षाच्या सुरुवातीलाच एक वार्षिक कार्यक्रमपत्रिका तयार करता येते. ती केली तर परीक्षा आणि उत्सव एकमेकांवर येत नाहीत, आणि विद्यार्थ्याला तयारीला वेळ मिळतो. आज वक्तृत्व स्पर्धेची नोटीस दोन दिवस आधी लागते. शिक्षकांच्या ओळखीतली चार नावे जातात, तीच दर वर्षी जातात. मागच्या बाकावरच्या मुलाला स्पर्धा होऊन गेल्यावर कळते. निवड चाचणीची तारीख, नियम आणि भाषा पंधरा दिवस आधी लिहून लावली, निकालही नावानिशी लावला, तर नवी नावे पुढे येतील. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. हे शिबिर कोणत्या गावी, मुलींच्या राहण्याची सोय काय, हे घरी दाखवता येईल अशा कागदावर मिळाले तर घरून परवानगी मिळणे सोपे होते. मराठी नोटिशीची खरी गरज इथे दिसते: तो कागद आई-वडिलांनी वाचायचा असतो.

कार्यक्रमाची सूचना आवाराबाहेरही जायला हवी. या भागात कॉलेज आणि गाव कधी फार वेगळे नव्हते. पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते आणि बेळगावच्या नाटक-गाण्याच्या मंडळींत मिसळून गेले होते. निपाणीच्या तंबाखू आणि बिडी कामगारांच्या संघटनेत प्राध्यापक सुभाष जोशी पुढे होते. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात, जे ६ एप्रिलच्या गोळीबारापर्यंत गेले, त्यांचे नाव शेतकरी नेते शरद जोशींच्या बरोबरीने घेतले जाते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत गावकरी स्वतः साहित्य संमेलने भरवतात आणि त्यांना खेड्यातली माणसे मोठ्या संख्येने येतात. अशा श्रोत्यांना कॉलेजातल्या व्याख्यानाची खबर नसते, ही खेदाची गोष्ट आहे. स्थानिक वृत्तपत्रे शैक्षणिक कार्यक्रमांच्या छोट्या बातम्या छापतात. चार दिवस आधी दोन ओळी पाठवल्या तर सभागृह भरेल. संमेलनांची पत्रकेही महाविद्यालयाच्या फलकावर लावून घ्यावीत.

कन्नड-मराठी अशा दोन्ही बाजूंचे कार्यक्रमही हवेत, आणि त्याला इथे भक्कम आधार आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात शिकवत आणि कन्नडचे ज्ञानपीठ विजेते कवी झाले. कन्नड कादंबरीकार शांतिनाथ देसाई शिवाजी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे कुवेंपू विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जी. ए. कुलकर्णींनी मराठी कथा लिहिली ती धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता. या तिघांवर दोन्ही विद्यापीठांनी मिळून एकेक दिवसाचे चर्चासत्र घेतले आणि त्याची पत्रिका दोन्ही लिप्यांत काढली, तर एकमेकांच्या आवारात जाण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल.

फलकाचा एक कोपरा कायमचा राखून ठेवावा लागतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीच्या स्थापनेचा आदेश ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. रॅगिंगविरोधी मदतीचा राष्ट्रीय क्रमांक, १८००-१८०-५५२२, तिथे असावा. विद्यार्थी तक्रार निवारण समितीची नावेही असावीत. हा कोपरा कार्यक्रमांच्या पत्रकांखाली झाकला जाऊ नये. मुलीला तक्रार कोणाकडे करायची हे विचारत फिरावे लागले तर ती तक्रार करतच नाही. हा मजकूर तिन्ही भाषांत असण्याविषयी तरी दुमत नसावे.

जे बेळगावला मागायचे तेच पलीकडेही मागायला हवे. जत तालुक्यात कन्नड बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत, तिथल्या राजे रामराव महाविद्यालयाचे विद्यापीठ कोल्हापूरचेच आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या खेड्यांत कन्नड शाळा आहेत, तिथली मुले सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जातात. त्या मुलांना मराठी परिपत्रक वाचताना जे होते तेच निपाणीच्या मुलाला कन्नड परिपत्रक वाचताना होते. शिवाजी विद्यापीठाने जतसाठी कन्नड साचे काढावेत, राणी चन्नम्मा विद्यापीठाने बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी मराठी. दोन्ही ठिकाणचे भाषा विभाग एकमेकांचे मसुदे तपासून देऊ शकतील.

येत्या शैक्षणिक वर्षाची प्रवेशसूचना हा पहिला कागद म्हणून घ्यावा. ती निघण्याआधी मे महिन्यात प्रत्येक महाविद्यालयाने एक लिपिक आणि भाषा विभागाचा एक शिक्षक या कामासाठी नेमावा, त्यांची नावे फलकावर लावावीत, आणि पाच साचे तयार करून कुलसचिवांकडे मंजुरीला पाठवावेत.

कळावे,
सीमाभागातील एक मराठी नागरिक